दोनदा थोपटलं की

३ मार्च
पोचले एकदाची! प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या बाजूला माझी खोली. एक टेबल, एक खिडकी, आतून घट्ट बसणारी कडी. खिडकीतून सरावाचा हॉल दिसतो. सैनिकांना हातघाईची लढाई शिकवायची पुस्तिका मला लिहून काढायची आहे. शिकवणारे उस्ताद आघाडीवरून परतलेले. सांगतात अगदी नेमकं, पण उजवा हात सदा खिशात, म्हणून लिहायला मी. स्वयंपाकीणबाई जेवण खोलीवर आणतात, दारावर दोनदा टकटक करतात. कुठल्या शाळेत शिकलीस, म्हणाल्या. म्हटलं, घरीच, बाबांकडे. मग तरीच एवढी घाबरट, म्हणाल्या.

५ मार्च
बाबांचा दंडक होता, स्वतः करून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. म्हणून प्रत्येक पकड मी आधी बाईंवर करून बघते. आज कॉलरची. एका हाताने कॉलर गळ्याशी धरून पिळायची. धरलेल्याने दोनदा थोपटलं, की सोडायची. इथला हा पहिला नियम. मी इतक्या झटकन सोडली की बाई हसत सुटल्या. म्हणे, तू तर शत्रूची माफीसुद्धा मागशील! पुढच्या तुकडीत माझा दादा येतोय. त्याला पत्रात हा नियम ठळक करून कळवला. जिवाला तेवढीच स्वस्थता.

९ मार्च
उस्तादांनी नियमाचं पान काढायला लावलं. त्यांच्या एका सोबत्याने आघाडीवर शत्रूला असंच धरलं होतं. तडफडताना त्या माणसाचा हात सोबत्याच्या दंडावर दोनदा आपटला. सवयीने मूठ उघडली. सोबती परतला नाही. नवं वाक्य सांगितलं: थोपटलं, की पकड आणखी आवळावी. मी विचारलं, मग सोडायची केव्हा? ते म्हणाले, तू वाक्य लिही.

१० मार्च
करून पाहिल्याशिवाय कसं लिहू? बाईंनी साफ नकार दिला. शेवटी भुशाच्या पोत्याला जुना शर्ट चढवला. डाव्या हाताने स्वतःच्याच दंडावर दोनदा थोपटायचं, उजव्याने आवळायचं. मोजून शंभर वेळा. मग वाक्य लिहिलं.

१४ मार्च
सकाळी रिकामी बादली फरशीवर दोनदा आपटली आणि तिची कडी हातातून सुटेना. बोटं एकेक करून उकलावी लागली. दिवसभर हात पदराखाली ठेवला. उगाच.

१६ मार्च
सरावात एक शिपाई गेला. तो थोपटत राहिला म्हणे. धरणाऱ्याची मूठ चौघांनी मिळून उघडली. धरणारा रडत सांगत होता, मी सोडतच होतो. माझं वाक्य. माझंच.

१७ मार्च
उस्तादांना म्हटलं, पान परत घालू द्या. त्यांनी पहिल्यांदा खिशातून हात काढला. आवळलेली मूठ. बोटांमधून कापडाची पट्टी, तिला एक बटण. आघाडीवर शत्रूची कॉलर कापूनच आम्हाला वेगळं केलं, म्हणाले. आठ महिने झाले. तेव्हापासून घरी गेलेले नाहीत.

१९ मार्च
दादा आला! म्हणे, काय मास्तरीणबाई, वाळलीस किती, नुसती शाई पिऊन राहतेस का? त्याच्याशी हसले. नंतर बाईंनी दार वाजवलं, टकटक, आणि पेन हातात आवळलं गेलं ते मोडेपर्यंत. उद्या त्याचा पहिला सराव. त्याला सांगायलाच हवं की थोपटायचं नाही. निसटायचं कसं ते दाखवायलाच —

२० मार्च, सकाळ
खोलीत बोलावलं. कडी लावली, कुणी बघू नये म्हणून. त्याने हसत कॉलर पुढे केली. आधी फक्त धरून दाखवते म्हटलं. फक्त धरली —

डाव्या हाताने लिहितेय. घशातून आवाज फुटत नाही. कुणी आलं तर हे वाचेल —

तो हसत होता. दोनदा थोपटलं. सांगायचं राहिलंच होतं — मूठ आवळली. त्याने पुन्हा — दादा, थोपटू नकोस, पण त्याला तेवढंच ठाऊक, मीच कळवलेलं —

थांबला. श्वास आहे. बारीक, पण आहे. कात्री खुंटीवर. हात पुरत नाही. त्याला ओढत नेते, जरा जरा —

पावलं. बाई. नाष्टा घेऊन. बाई, दार वाजवू नका. हाक मारा, लाथ मारा, पण दोनदा — एक वाजलं — बाई, दुसरं नको, दुस