मी सिंधुला वाचवलं ती विहीर

७ एप्रिल २०२५, सोमवार

१९७६ च्या उन्हाळ्यातली एक दुपार. नायगावजवळ मामाच्या शेतातली विहीर. काठावर सिंधु आणि मी पाय सोडून बसलो आहोत. दोघींचे केस ओले. डोक्यावर चिंच. सिंधु तिचा कोवळा पाला ओरबाडते, अर्धा मला देते, अर्धा मिठाच्या खड्याबरोबर स्वतः खाते. माझ्या टाचेत काटा आहे. तो ती दुसऱ्या काट्याने काढते आहे आणि मी हैदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी गाणं म्हणते आहे. तिला त्यातला शब्दही कळत नाही. बाकी काही घडत नाही.

हे आज सकाळी आठवलं आणि पोळी करपली.

आठवायचं कारण भार्गवी. माझी नात, वय तेरा, मुक्काम पुणे. शाळेने सुट्टीत पाच मिनिटांची फिल्म करायला सांगितली आहे. विषय: आमच्या घरातलं धाडस. तिने मला निवडलं. तिला गोष्ट पाठच आहे. सिंधु बुडत होती. मी चौदा वर्षांची. चिंचेच्या फांदीवर चढले, सूर मारला आणि वेणीला धरून तिला वर काढलं. भार्गवीला हे त्याच विहिरीवर शूट करायचं आहे. म्हणजे मी पुन्हा उडी मारायची.

मी लगेच हो म्हटलं. ही गोष्ट मी माधवरावांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितली. तीस वर्षं शाळेत दर वर्गाला सांगितली. आमच्या मुलाला, आलोकला, सांगून सांगून तो आता मोबाइल काढतो. ऐकताना श्वास रोखणारी भार्गवी एकटीच उरली आहे. ती गेली तर मग कोणी नाही.

तारीख ११ मे. चौतीस दिवस आहेत. निश्चय: रोज साडेपाचला उठणे. पोहणे. चढणे. भात बंद. रोजनिशी चालू.

सिस्टर अग्नेस म्हणायच्या, रोजनिशी खरी लिहावी, देव वाचतो. सिस्टरांच्या देवाला इंग्रजी येतं. म्हणून मी मराठीत लिहिते.

८ एप्रिल, सकाळी ७.५०

साडेपाचचा गजर माधवरावांनी बंद केला. असं ते म्हणत नाहीत, पण दुसरं कोण करणार.

१० एप्रिल

लातुरात स्विमिंग पूलला महिलांची बॅच नऊ ते दहा. कोच साक्षी नावाची मुलगी, बावीस वर्षांची. पोहता येतं का, असं मलाच विचारलं. विहिरीची गोष्ट सांगितली. ऐकून घेऊन तिने विचारलं, कोणता स्ट्रोक. म्हटलं, नायगाव तालुक्यात स्ट्रोक नसतात, पोहतात. तिने मला कडेचा दांडा धरून पाय मारायला लावले. वीस मिनिटं मारले. जागा सोडली नाही.

पूलचं पाणी हलकं असतं, धरत नाही. विहिरीच्या पाण्याला वजन असतं.

१२ एप्रिल

नवा कॉश्च्यूम. काळा, पूर्ण बाह्या, खाली झालर. माधवराव चष्मा पुसून म्हणाले की मिटलेल्या छत्रीसारखी दिसतेस. मग तो लावून म्हणाले, नाही, अर्धवट मिटलेल्या. बेचाळीस वर्षांत ते माझ्याविषयी इतकं विचार करून प्रथमच बोलले.

१५ एप्रिल

चढण्याचा सराव. गच्चीवरच्या टाकीची लोखंडी शिडी, अकरा पायऱ्या. चढले झकास. उतरताना गुडघ्याने नकार दिला. माधवराव पेन्शनरांच्या मीटिंगला. मी टाकीला टेकून बसले. खालच्या उमाबाई पापड वाळत घालायला आल्या, वर काय बघताय म्हणाल्या. औशाचा किल्ला दिसतो का ते बघते, असं सांगितलं. त्यांनी पापड घालून होईपर्यंत तीनदा विचारलं, दिसला का.

माधवराव दीडला आले. मी हाका मारल्या. आधी त्यांनी जेवून घेतलं. रिकाम्या पोटी शिडी धरता येत नाही म्हणे.

निष्कर्ष: चढता येतं. फांदीवरून शिडीने उतरायचं नसतंच, उडी मारायची असते. म्हणजे तयारी पूर्ण.

१९ एप्रिल

सिंधुला फोन केला. एकोणपन्नास वर्षांनी. नंबर मामेभावाच्या बायकोकडून मिळाला. शेजारच्या शेतातल्या या मैत्रिणीचं त्याच वैशाखात देगलूरला लग्न झालं होतं. पंधराव्या वर्षी. मी हॉस्टेलमधून सुंदर कार्ड पाठवलं होतं, उत्तर आलं नाही. कार्ड इंग्रजीत होतं, हे मात्र आज लक्षात आलं. नवरा लवकर गेला, मुलगा बालाजी याने नायगावला येऊन सिंधुच्या वडिलांचं शेत सांभाळलं. मामाची विहीरही आता त्याच्याच बांधात आहे.

मी नाव सांगितलं. पलीकडे आधी एक गाय हंबरली. मग म्हणाली की ये, कालव्यामुळे विहिरीला पाणी लई हाय. मला भरून आलं. सगळं सांगितलं, भार्गवी, फिल्म, उडी. ती म्हणाली:

“लेकराला काय सांगून राहिलीस पेमे, त्या दिवसाचं?”

मी म्हटलं, आवाज कट होतोय. ठेवला. रेंजचं हे असं आहे.

२४ एप्रिल

पूल नाही. कान दुखतो.

त्या दिवसाचं थोडं नीट आठवून ठेवावं, फिल्ममध्ये तपशील लागतील. आमच्याकडे पोहायला शिकताना पाठीला वाळलेले दोन भोपळे बांधत. मुलगी सावरली की एक काढायचा. मग दुसरा. कोणाचा भोपळा कधी काढायचा, हे शिकवणारा ठरवतो. शिकवत होती सिंधु, कारण ती तिथलीच. त्या दिवशी माझा एक काढायचा होता. मीच म्हटलं, दोन्ही काढ. ती नको म्हणाली. मी गाठी सोडल्या आणि फांदीवर चढले.

नंतर पाणी. हिरवं. मग वेणीला जोराचा हिसका. आता कोणाची वेणी आणि कोणाचा हात, हे पाण्यात सांगणं अवघड असतं. दोघींच्या वेण्या सारख्याच होत्या.

वर आल्यावर मामा उभा. कोणी ढकललं, म्हणून ओरडला. मी खोकत होते. मी हात केला तो बहुधा विहिरीकडे. मध्ये सिंधु उभी होती. सगळा कोनाचा प्रश्न आहे.

तिच्या वडिलांनी बैलाच्या दाव्याने मारलं, असं ऐकलं. मी तेव्हा माडीवर दूध पीत होते. पाहुण्यांच्या मुलीला बुडवणारी मुलगी घरात ठेवायची नाही, म्हणून नववीतून काढून देगलूरला दिली. तशाही तेव्हा खेड्यातल्या मुली फार शिकत नव्हत्या.

फिल्मसाठी एवढे तपशील नकोत. पाच मिनिटंच आहेत.

२ मे

भार्गवी आली. माझ्याहून उंच. मला मिठी मारून म्हणाली की वर्गात सगळ्यांच्या फिल्ममध्ये आजोबा आहेत, आजी फक्त तिच्या. रात्रीच्या भाताला नाही म्हणवेना.

५ मे

साक्षीने हनुवटी धरून मला पूलची रुंदी पार करून दिली. पाय एकदाच टेकला. दोनदा. ती म्हणाली, आजी, विहिरीत उतरू नका. तिचा जन्म २००३ चा.

तरी काळजी घेणं वेगळं आणि भिणं वेगळं. मार्ग सापडला. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. गावाकडची मुलं हल्ली भोपळ्याऐवजी तेच बांधतात. पाठीवर बांधला तर कॅमेऱ्यात दिसेल. म्हणून कमरेला, मागून, झालरीच्या आत. आरशात पाहिलं. झालर थोडी फुगते, पण वयाला शोभते.

९ मे

भार्गवीसमोर संवादाची तालीम. तिने विचारलं, सिंधुआजी बुडत असताना तिने काय हाक मारली. मी म्हटलं, “पेमे.” भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

११ मे, सकाळी ६.००

कंधारमार्गे निघतो आहोत. मन प्रसन्न. वजन चौतीस दिवसांत दीड किलोने वाढलं, पण स्नायू जड असतात.

१३ मे, लातूर

दोन दिवस लिहिता आलं नाही. कानात पाणी होतं. अजून आहे.

चिंच नाही. विहिरीला सिमेंटचा कठडा बांधला तेव्हाच काढली म्हणे. म्हणजे फांदीवरची उडी माझ्यामुळे रद्द झालेली नाही. विहिरीला मात्र पाणी भरपूर, कठड्यापासून पुरुषभर खाली, हिरवं.

सिंधु कठड्यावर बसली होती. केस पूर्ण पांढरे, अंगाने वाळलेली. उठली नाही. बस म्हणाली. बालाजीने चहा आणला, त्याच्या बायकोने बाज टाकली. उडी मारणारी लातूरची आजी बघायला पंधरावीस माणसं जमली होती. सरजाबाई नावाच्या एका म्हातारीने झालर चिमटीत धरून बघितली आणि आत काय घातलंय गं, म्हणून विचारलं. मी ऐकलं नाही.

भार्गवीने कॅमेरा सुरू केला. मी गोष्ट सांगितली. सिंधुच्या शेजारी बसून, तिच्या खांद्यावर हात ठेवून. पूर्ण. फांदी, सूर, वेणी, हाक. छान सांगितली गेली. सिंधु सुपारी चघळत सगळं ऐकत होती. एका शब्दाने अडवलं नाही. मला वाटलं, तिलाही तसंच आठवत असेल. भार्गवीने तिला विचारलं, तुम्ही काही बोलता का. सिंधु म्हणाली, आधी तिला उडी मारू दे.

मी उडी मारली. हे कोणी नाकारू शकत नाही.

पुढचं केवळ शास्त्रीय नोंद म्हणून. कॅन कमरेला असला की कंबर वर येते. कंबर वर आली की डोकं खाली जातं. म्हणून तो दोन खांद्यांच्या मध्ये, काखेतून दोर घेऊन बांधतात. हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मी पालथी झाले. काळी झालर आणि तेलाच्या कंपनीचं पिवळं सूर्यफूल, एवढंच वर होतं. लोक हसले. मी खाली होते, पण पाय मारताना मधून मधून डोकं वर यायचं. विहिरीत आवाज फार स्वच्छ ऐकू येतो. पहिल्यांदा वर आले तेव्हा हसू ऐकलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा बालाजी शर्ट काढत होता आणि सिंधुने त्याचं मनगट धरलं होतं.

“थांब जरा. पिऊ दे तिला थोडं. मंग काढ.”

तिसऱ्यांदा वर आले तेव्हा कोणी हसत नव्हतं. मग बालाजी पाण्यात आला.

मला बाजेवर घालून दोरांनी वर ओढलं. गेल्या महिन्यात याच बाजेवरून वासरू काढलं होतं. दोर धरणाऱ्यांना बालाजी खालून सांगत होता की सांभाळून, वासरू हलकं होतं.

वर सिंधुनेच पालथी घालून पाठीवर बुक्क्या मारल्या. लागतील अशा. पाणी निघालं. तिने स्वतःच्या पदराने माझं तोंड पुसलं, केसांतलं शेवाळ एकेक काढलं, पूर्वी काटा काढायची तशी मान वाकडी करून. मला वाटलं, मिटलं सगळं. भार्गवी रडत विचारत होती, आजी, काय झालं, काय झालं. सिंधु माझ्या कानाशी वाकली. पण हळू बोलली नाही.

“सांग की लेकराला, पेमे. आज कोणी ढकललं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. समोर बालाजी उभा, ओला, धापा टाकत. माझा हात आपोआप वर गेला. बोट त्याच्याकडे सुटं झालेलं मला दिसलं. भार्गवीलाही दिसलं. तो हात मी केसांकडे नेला, पण उशीर झाला होता.

मग सिंधुने भार्गवीला त्या दिवसाचं सांगितलं. चार वाक्यांत. दाव्याचं अर्ध्याच वाक्यात. मी एक तारीख दुरुस्त केली. भार्गवीने कॅमेरा माझ्यावरून काढून सिंधुवर धरला आणि तिला म्हणाली, पुन्हा सांगाल का, हळू.

१६ मे

भार्गवी आमच्याबरोबर परत आली नव्हती. तिथेच आहे. आलोक फोनवर म्हणाला की राहू दे. मला काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही कळलंय. माधवराव तेव्हापासून चेष्टा करत नाहीत. हे फार वाईट लक्षण आहे.

आज भार्गवीचा फोन आला. मला वाटलं माझ्या कानाची चौकशी करेल. ती म्हणाली, सिंधुआजी पोहायला शिकवते, दोन कॅन बांधून, उद्या एक काढणार आहे. फिल्म आता तिच्यावर आहे. मी विचारलं, मी आहे का त्यात. आहेस, म्हणाली. सात सेकंद. मी विचारलं, बोलतेय का मी. नाही, म्हणाली, पालथी आहेस.

मग मी म्हटलं, सिंधुला दे फोन. बोलणं तयार होतं, चांगलं होतं, इंग्रजीत लिहून मराठी केलं होतं. सिंधुने निरोप दिला की हात शेणाचे आहेत. पाच मिनिटांनी केला, तरी शेणाचेच. संध्याकाळीही.

१८ मे, रविवार

पूलची उरलेली फी परत मिळत नाही. गजर काढून टाकला. भात चालू.

मी काही कुठे जात नाही, पण माणसाने वस्तू वेळेवर मार्गी लावाव्यात. घरच्यांसाठी लिहून ठेवते.

गॉगल आणि टोपी साक्षीला. तिने नव्या आजीला द्यावी आणि तिची गोष्ट ऐकून घेऊ नये. कॉश्च्यूम उमाबाईंना विचारून बघावा, नाही म्हणाल्या तर झालर काढून फडकी करावीत. कॅन घासून पुन्हा तेलाला वापरू नये. सात सेकंद आलोकला पाठवू नयेत. त्याच्याकडे पोचले असतील तर माधवरावांना दाखवू नयेत. ते त्यावेळी गाडीत झोपले होते आणि त्यांनी फक्त ऐकलं आहे. भार्गवीचे बारा वाढदिवसांचे कागदी मुकुट माळ्यावर आहेत, ते तिचे तिला. ही वही कोणाला नाही.

विहिरीची गोष्ट सिंधुला द्यावी. एकोणपन्नास वर्षं वापरलेली आहे, पण मी चांगली ठेवली आहे. वेणीचा भाग तिने आहे तसाच घ्यावा, फक्त नावं बदलावी लागतील.