आतल्या खोलीतून मारलेला बाण

चि. शालकश्रेष्ठ खटपट्या यास,

उताण्या अवस्थेत देता येतील तेवढे सगळे आशीर्वाद. (आशीर्वादासाठी हात वर करावा लागतो; माझा आधीच वर आहे, कारण कागद छताकडे धरून लिहितो आहे. पेनातली शाई उलटी चढत नाही, म्हणून पेन्सिल. अक्षर लागलं नाही तर दोष गुरुत्वाकर्षणाचा.) तुझी, तुझ्या घरच्यांची आणि तू जिथे जिथे हात घातला असशील त्या सर्व यंत्रांची प्रकृती उत्तम असो. आमचं विचारशील तर तुझी ताई ठणठणीत आहे. मी आहे. याहून मोठं क्रियापद सध्या मला झेपत नाही.

कमरेची हकिकत तुला ठाऊकच आहे. बावीस वर्षं गुरुजींच्या वनस्पतिकोशाची शब्दसूची करतो आहे. हत्ती गेला, शेपूट राहिलं. श, ष, स, ह एवढीच अक्षरं उरली, आणि त्या दिवशी खाली पडलेलं खोडरबर उचलायला वाकलो तो सरळ झालोच नाही. (इतकी वर्षं ग्रंथांचे गठ्ठे उचलले, काही झालं नाही. गेलो ते खोडरबरापायी.) डॉक्टरांनी सहा आठवडे पाठीवर पडून राहायला सांगितलं. उठलात तर शस्त्रक्रिया, असं ते इतक्या उत्साहाने म्हणाले की मी कूस बदलायलाही घाबरतो. इकडे छापखान्याने कळवलं, महिनाअखेर सूची आली तर ठीक, नाहीतर कोश सूचीवाचूनच छापू. सूचीवाचून कोश म्हणजे चिठ्ठ्या न लावलेल्या बाटल्यांचं औषधांचं कपाट! गुरुजी अठ्ठ्याऐंशीचे. दर सोमवारी फोन करतात आणि एकच विचारतात, 'ह' आला का? मी म्हणतो, वाटेत आहे. वाट किती लांब आणि आयुष्य किती, हे आम्ही दोघेही बोलत नाही.

अशा वेळी तू अवतरलास. संगणक बाहेरच्या खोलीत, त्याचं टेबल भिंतीत चिणलेलं. खाट दारातून निघत नाही. तू माझ्या फोनात काहीतरी उतरवून घेतलंस, संगणकाच्या कानात काहीतरी पुटपुटलास आणि जाहीर केलंस, "दाजी, आता फोन म्हणजेच माउस, फोन म्हणजेच कीबोर्ड. पडल्या पडल्या राज्य करा!" प्रात्यक्षिकही झालं. तू बोट फिरवलंस, पडद्यावरचा बाण फिरला, तुझ्या ताईने टाळ्या वाजवल्या. मग तू चारची गाडी गाठलीस. सव्वाचारला आमच्या लक्षात आलं की प्रात्यक्षिक तू बाहेरच्या खोलीत, पडद्यासमोर उभं राहून केलं होतंस. खाटेवरून मला फक्त भिंत दिसते. फोन बाण हलवतो, पण तो कुठे गेला ते सांगत नाही. धनुष्य माझ्या हाती, रणांगण भिंतीपलीकडे.

आमच्या शास्त्रात अंधपंगुन्याय म्हणून एक आहे. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसतो. एक चालतो, दुसरा वाट दाखवतो, आणि दोघे मुक्कामी पोचतात. हे लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं. तुझ्या ताईने आरंभीच अट घातली, की ती पडद्याकडे बघून सांगेल, खोक्यांतल्या नोंदींच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचेल, पण त्या सवतीला (म्हणजे सूचीला) बोट लावणार नाही. बत्तीस वर्षं कचेरीत लोकांची पत्रं टाइप केली, आता घरात नाही, हा तिचा बाणा जुनाच आहे. तर ती बाहेर विणकाम घेऊन बसायची, मी आत भिंतीकडे बघत बोट फिरवायचो, आणि आमचा संवाद साऱ्या जिन्याला ऐकू जायचा.

"डावीकडे घ्या."

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"बाणाच्या! आता गेला."

"कुठे गेला?"

"मला काय सांगून गेलाय?"

शतावरीची नोंद करायला एक तास दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर फोन छातीवर राहिला आणि माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा शिरीषाच्या पुढे नऊ पानं नुसती 'शशशशश' अशी उमटली होती. "तुम्ही घोरता ते आता लिहूनही निघतं," एवढंच ती म्हणाली आणि नऊही पानं तिने मला वाचून दाखवली. सोमवारी गुरुजींचा फोन आला. सवयीने मी दोन्ही हात जोडले; मधे फोन. नमस्कार गुरुजींना पोचला की नाही कोण जाणे, संगणकाला पोचला, आणि 'श'चं अख्खं प्रकरण उलट्या क्रमाने लागलं. पहिल्या आठवड्याची कमाई अकरा नोंदी, पैकी चार चुकीच्या. मी मनातल्या मनात गणित मांडलं. या गतीने 'ह' माझ्या पुढच्या जन्मी येत होता, तोही मनुष्यजन्म मिळाला तर.

एरवी दिवसभर मी छत बघतो. छताला एक तडा आहे; त्यात मला आधी नदी दिसायची, आता दिसत नाही. गुरुजी जिवंत असताना त्यांचा कोश पुरा होऊ नये, आणि तोही माझ्या कमरेमुळे, हा विचार कुठल्याही कुशीवर टाळता येत नाही, कूसच नाही.

मात्र खोटं बोलणार नाही. गेल्या मंगळवारपासून तुझ्या यंत्राने अचानक कात टाकली. (की माझ्या बोटाने? अभ्यासाने काय साधत नाही!) तुझी ताई चिठ्ठी वाचते, मी बोट फिरवतो, ती नुसतं 'हं… हं… झालं' म्हणते आणि पुढची चिठ्ठी घेते. बाण चुकत नाही. रोज सव्वाशे-दीडशे नोंदी! आणि एक बारकावा तर मला फारच भावला. मी इथे काचेवर अंगठा टेकवला की बाहेर खऱ्या कळा दाबल्यासारखा टकटक आवाज येतो. उताण्या माणसाला आपण काही करतो आहोत असं वाटावं, म्हणून ही सोय तू मुद्दाम ठेवलीस ना? तुझ्या खटपटींना मी आजवर नावं ठेवली. त्यांतली निम्मी परत घेतो.

तुझा,
क्षितिजसमांतर दाजी

ता. क. वरचं सगळं काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी तासाभरात सोमराजीपासून हरिद्रेपर्यंत, म्हणजे हळदीपर्यंत, मजल मारली. अंगठा दुखला म्हणून फोन डोळ्यांसमोर धरला, तर त्यात माझाच चेहरा. पडदा काळाठिक्कर. बॅटरी संपलेली, केव्हाची देव जाणे. आणि बाहेरून आवाज येतच होता, "हं, थोडा वर… बस्स, लागला." मागोमाग टकटक, दहाही बोटांची. बावीस वर्षांचा सूचीकार, आणि सूची त्याच्यावाचून चालते, नव्हे, धावते. अंगठा पुन्हा काळ्या काचेवर टेकवला आणि म्हटलं, "जरा डावीकडे घेऊ का?" ती म्हणाली, "घ्या की. हं, आला." उताण्या माणसाचे अश्रू कानात जातात, एवढी एक नवी माहिती मिळाली.

पुन्हा ता. क. रविवारी तू येशील. मी तिच्यादेखत तुला फोन तपासायला सांगेन. तू तो दोनदा उलटासुलटा करायचा आणि 'झकास चाललंय' म्हणायचं. आणि जाताना छापखान्यात डोकावून सूचीच्या पहिल्या पानावर तिचं नाव घालायला सांग, माझ्या नावाच्या आधी. कुणी विचारलं तर वर्णक्रमाने आधी येतं म्हणावं. येत नाही. बावीस वर्षांत वर्णक्रम मोडतो आहे तो एवढाच.

(पाकिटाच्या पाठीवर, बॉलपेनने, वेगळ्या अक्षरात)

खटपट्या, पाकीट मी चिकटवलं, आतलं वाचलेलं नाही. तुझी ती जोडणी मागच्या मंगळवारी तुटली. रविवारी तुझे दाजी ती नीट कर म्हणतील, करू नकोस. आपणच चालवतोय असं वाटतंय म्हणून निमूट पडून आहेत, नाहीतर केव्हाच उठून बसले असते. यांचा डोळा लागला की मी पुढचं टाइप करत गेले; सूची परवाच संपली, छापखान्यात पोचली. गुरुजींनाही कळवलंय, ते रडले, आणि गप्प राहायचं कबूल केलंय. पण डॉक्टरांचे अजून दोन आठवडे उरलेत, म्हणून यांना मी हळदीपाशी थोपवून धरलंय आणि रोज उगाच टकटक करते. आता चिठ्ठ्या संपत आल्या. 'ह'ने सुरू होणारी दहा-वीस झाडं सुचली तर येताना लिहून आण. खरी नसली तरी चालतील.