तुम्ही सही केलेला तमिळ कागद

बाबा,

आज पुन्हा वकिलांकडे जाऊन आले. आपल्या गल्लीतला इस्त्रीवाला अजून तुरुंगात आहे आणि मला त्याला बाहेर काढायचंय. वकील म्हणाले, "पंचानं स्वतः येऊन सांगितलं तर काही करता येईल, मॅडम. पंच कुठे असतात हल्ली?" तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तिथेच ओरडावंसं वाटलं.

वेस्ट मांबलमच्या घरी तो पोलीस आला तो दिवस आठवतो का? खालच्या मजल्यावरच्या मामींचा खून होऊन चार दिवस झाले होते, इस्त्रीवाल्याला पकडलं होतं, आणि पंच म्हणून पोलिसांना सरकारी नोकर हवा होता. तुम्ही रेल्वेतले, म्हणजे आयतेच सापडलात. "सार, फॉर्मॅलिटी, अव्वळोदान," तो म्हणाला, म्हणजे नुसती औपचारिकता, एवढंच. चेन्नईत अठरा वर्षं काढूनही तुम्हाला तमिळ वाचता येत नव्हतं, बोललेलंही जेमतेम कळायचं. बससुद्धा नंबरावरून ओळखायचात. पण पोलिसासमोर ते कबूल कसं करणार? चष्मा चढवून कागदावर नजर फिरवलीत, मान डोलावलीत आणि सही ठोकलीत. मी कॉलेजात जाणारी, शाळेपासून तमिळ शिकलेली. चहा ठेवताना मी तो कागद वाचला. इस्त्रीवाल्यानं माझ्यासमोर आपल्या इस्त्रीच्या गाडीखालून सुरा काढून दिला, असं त्यात तुमच्या तोंडी लिहिलं होतं. तुम्ही तर त्या वेळी ऑफिसात होतात. परक्या माणसापुढे तुमची शोभा नको म्हणून मी गप्प बसले.

मग साक्षीच्या आदल्या रविवारी टी. नगरमध्ये पाहिलेला तो कोर्टाचा सिनेमा. खून अगदी सरळ, आरोपी रंगेहाथ सापडलेला, आणि मी एकेक संवाद तुमच्या कानाशी मराठीत सांगतेय. पडद्यावरचा वकील पंचाला विचारतो, सुरा निघताना पाहिलास, की नुसती सही केलीस? तुम्ही माझं मनगट घट्ट धरता.

"अगं, आपल्या त्या कागदात काय लिहिलं होतं?"

"काही नाही हो बाबा, तुम्ही हजर होतात एवढंच."

मंगळवारी तुम्ही कोर्टात इंग्रजीत सांगितलंत, सही माझी, मजकूर खरा. त्या गरिबाच्या वकिलानं एक प्रश्न विचारला नाही. जन्मठेप झाली. पेपरात सुऱ्याची हकिकत छापून आली तेव्हा शेजाऱ्यांनी ती तुम्हाला इंग्रजीत समजावून सांगितली. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. त्यानंतर शेवटपर्यंत चुरगळलेले शर्ट घालून ऑफिसला गेलात, घरीसुद्धा इस्त्री करू दिली नाहीत.

बाबा, एकदा या हो. मी काही पाहिलं नव्हतं, एवढंच सांगा आणि जा. मी आता कुणाकुणाचे पाय धरू? त्याची बायको त्याच गाडीवर इस्त्री करते, मी दिसले की "वांगो अक्का", या ताई, म्हणून हसते. तिला अजून काही माहीत नाही. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? वकिलांना मी सांगितलं की तेव्हा पोलिसांच्या भीतीनं मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. खोटं आहे ते. तुम्ही विचारलंत तेव्हा पडद्यावर निकाल लागायचा होता, आणि मला शेवट चुकवायचा नव्हता.