सुगीतला बर्फ

खर्डा, मंगळवार, संध्याकाळ

जमलं! आठवडाभर डोकं खाणारं ते वचन आज सुटलं. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, बोधवचनं मी इथल्या बोलीत आणतोय. त्यात भरवशाच्या निरोप्याला सुगीतल्या बर्फाची उपमा आहे. मी बर्फ तसाच ठेवला आणि मागच्या मंगळवारी शेजारच्या सगुणामावशीला वाचून दाखवलं, तर ती दचकलीच. "सोंगनीत बर्फ? आरं, गारा पडल्यावर गहू ऱ्हातो व्हय? असला मानूस मला दारात नगं!"

खरंच की. गारांनी झोपलेला गहू मीही पाहिलाय. मग लिहिताना कुठे गेली होती अक्कल?

आज बर्फ तळटीपेत टाकला. वचनात आणलं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं, भर उन्हात बांधावर आलेलं. मुळाशी बेइमानी केली का मी? नाही! मुळातही थंडावाच आहे, नासाडी नाही.

मावशीनं ऐकलं, मान डोलावली. "आमचा शंकर तसाच हाय. धाडला की काम करूनच येतो, जिवाला घोर न्हाई."

पोचलं मडकं! ज्याला ती दारात उभं करत नव्हती, तो निरोप्या आज तिच्या पोटचा पोरगा निघाला.