निळ्या-पांढऱ्या तंतूचे गाऱ्हाणे

मसुरे,
११ डिसेंबर १९६६

मुंबापुरीतील पत्र्यांच्या कारखान्याचे भूषण चिरंजीव गुरुदास यास भाईकाकाचे अनेकोत्तम आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. इकडे तुझ्या मातोश्री, म्हणजे आमच्या हौसावहिनी, सकुशल असून त्यांचा कंठ विशेष सकुशल आहे. (प्रत्यय पुढे येईलच.)

अ‍ॅस्बेस्टॉसचा निळा तंतू फुप्फुसात शिरून कर्करोग उत्पन्न करितो, परंतु तुम्ही हाताळता तो पांढरा तंतू त्या अपराधात सामील आहे की नाही याविषयी परदेशस्थ पंडितांत घोर मतभेद आहेत, हे तुझ्या पत्रावरून कळताच मी ग्रामदेवतेस गाऱ्हाणे घालण्याचे योजिले. मसुदा अर्थातच माझा. पांढऱ्यावरील आरोप असिद्ध असता त्याचे नाव देवापुढे काढणे मला न्यायविरुद्ध वाटले. सबब मी केवळ निळ्याचाच उल्लेख केला. शिवा गुरवाने नारळ उंचावला. "बा देवा म्हाराजा, आमच्या गुरुदासाक निळ्या तंतूपासून राख रे म्हाराजा!" मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात तोच वहिनी कडाडल्या, "मेल्यांनू, माझो झील पांढऱ्यात काम करता! तेका निळ्यापासून राखून काय उपेग?"

मी प्रमाणशास्त्र विशद करू लागलो. (पूर्वपक्षापर्यंतच पोचलो.) वहिनी म्हणाल्या, "पुराव्याक माझोच झील व्हयो काय, भावजीनू?" यावर माझ्या मुखातून जे संस्कृत निघाले त्यास अर्थ नव्हता. देवळात तत्काळ निळा आणि पांढरा असे दोन पक्ष पडले. शिवा विव्हळला, "भाईनू, काय तां ठरवा, माझो हात दुखाक लागलो!" अखेर त्याने मसुदा झुगारून स्वतःच गर्जना केली, "निळो, पांढरो, तपकिरी, आणि पंडितांक अजून सापडाक नाय तोय!" त्यावरचा "व्हय म्हाराजा" तुला मुंबईत ऐकू आला असावा.

तुझा पराभूत परंतु शास्त्रनिष्ठ काका,
भाई

ता. क. पांढऱ्याचा निर्णय लागेपर्यंत तू स्वस्थानी अविचल राहावेस, असे माझे शास्त्रीय मत आहे.

ता. क. दुसरा. ते मत चुलीत घाल. तुझ्या खोलीवरचा बाळा येऊन गेला. जिना चढताना तुला खोकला आवरत नाही, असे म्हणाला. वहिनींस मी सांगितलेले नाही. कुडाळच्या कापडदुकानात तुझ्यासाठी जागा धरली आहे. (त्या तंतूंविषयी पंडितांत मतभेद नाहीत.) ती जाऊ नये म्हणून तूर्त गल्ल्याशेजारी मीच उभा राहतो आणि सर्व कापड तिरके फाडतो. मिळेल त्या बोटीने ये. मालक सोशिक आहेत, गिऱ्हाइके नाहीत.