दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर

बाबा, आज शाळेने माझ्याकडून नववीचा वर्ग काढून घेतला. सोमवारपासून मी फक्त लायब्ररीचे तास घेणार आहे. घरी आल्यावर चहासुद्धा न टाकता लिहायला बसले, कारण राग यायला हवा प्रिन्सिपल मॅडमचा आणि येतोय तुमचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

झालं ते असं. बातमी कोण कोणाच्या बाजूने सांगतंय हे मुलांना ओळखता यावं, म्हणून मी वर्गात एकाच घटनेच्या दोन बातम्या वाचायला देते. या वेळची घटना आमच्याच शहरातली होती. एका कोचिंग क्लासमधल्या मुलीने तिथल्या सरांविरुद्ध छेडछाडीची तक्रार केली होती. एका वर्तमानपत्रात तिची तक्रार छापली होती आणि सरांचा नकारही. दुसऱ्यात सरांचा मोठा फोटो, त्यांचे किती विद्यार्थी कुठे कुठे लागले, आणि ती मुलगी संध्याकाळी किती वाजता घरी यायची. मी मुलांना एवढंच विचारलं की कोणाचे शब्द आलेत आणि कोणाचे नाहीत ते शोधा. त्यांनी भराभर शोधलं. दुसऱ्या बातमीत शेजारी बोलत होते, क्लासचे मालक बोलत होते, सर बोलत होते. त्या मुलीचं, तिच्या घरच्यांचं एक वाक्य नव्हतं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅम, मतलब सच कहीं बीच में होगा ना?"

हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं, बाबा. तुमची बदली या हिंदी मुलखात झाली तेव्हाच्या, दुर्गापुऱ्याच्या आपल्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात, तुमच्या तोंडून.

मी तेव्हा दहावीत होते. राजा पार्कच्या शाळेत मिनीबसने जायचे. त्या बसचा कंडक्टर गर्दीचा फायदा घेऊन मागे येऊन उभा राहायचा. हे सांगायला मला बरेच दिवस लागले. आई पोळ्या करत होती, तुम्ही बँकेतून नुकते आला होतात, आणि मी भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं. तुम्ही ओरडला नाहीत. शांतपणे म्हणालात, "त्याचंही काही म्हणणं असेल ना. आधी ऐकून घेऊ." दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच बसस्टॉपवर गेलात आणि त्याला विचारून आलात. संध्याकाळी जेवताना तुम्ही मला ते वाचून दाखवल्यासारखं सांगताय: बस ब्रेक मारते, तोल जातो, हात कुठेतरी लागतो, तो दोन मुलींचा बाप आहे. "खरं बहुधा दोघांच्या मध्ये कुठेतरी असेल," तुम्ही म्हणता, आणि वरण मागता. मी पंधरा वर्षांची, समोर बसलेली, आणि माझ्याच वडिलांच्या तोंडून मला त्याची बाजू ऐकावी लागतेय. दुसऱ्या दिवसापासून आई माझ्याबरोबर त्या बसमध्ये चढायला लागली. माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी राहायची, शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि उलट्या बसने परत जायची. वर्ष संपेपर्यंत. तिने त्याला काही विचारलं नाही. तुम्ही तिला विचारलंत ते एवढंच, की हल्ली डबा लवकर का होतो.

लोक तुम्हाला निःपक्षपाती म्हणायचे. बँकेत भांडण झालं की दोन्हीकडची माणसं तुमच्याकडे यायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, तुम्ही ऐकायचात फार छान, आणि ऐकून झालं की काम संपलं असं समजायचात. ठरवायचं कोणी, बाबा?

वर्गात मी त्या मुलीला म्हटलं, नाही, खरं मध्येच असतं असं नाही. दोन्ही बातम्या वाचायच्या, कोण काय लपवतंय ते बघायचं, आणि मग आपण ठरवायचं. कधी कधी एक जण खरं बोलत असतो आणि दुसरा खोटं. या बातमीत काय खरं ते मी सांगितलं नाही. तरी एका पालकाची तक्रार आली, की मी मुलांना सरांविरुद्ध भडकवते. ते गृहस्थ स्वतः क्लास चालवतात. प्रिन्सिपल मॅडमनी मला बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आपको बैलेंस रखना चाहिए था." मी वर्गासमोर सांगावं, की माझं वाक्य चुकलं, सत्य दोघांच्या मध्ये असतं. एवढं केलं की विषय मिटेल.

मी म्हटलं, "हे मी नाही सांगणार."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. आवाज न चढवता. मग त्यांनी नववीचा वर्ग काढून घेत असल्याचं सांगितलं. बाहेर आले तेव्हा ती प्रश्न विचारणारी मुलगी जिन्यापाशी उभी होती, बहुतेक सगळं ऐकून. तिने विचारलं, आता आम्हाला कोण शिकवणार. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरले.

मला तुमच्याकडून न्याय नको होता. त्या रात्री तुम्ही ताट बाजूला सारून उठला असता, नुसते चिडून अंगणात येरझाऱ्या घातल्या असत्या, तरी मला पुरलं असतं.

हे लिहिताना दोनदा पेन थांबलं. परकं गाव, बदलीची नोकरी, मोडकंतोडकं हिंदी, आणि वयात आलेली मुलगी. तुम्ही घाबरला असाल, हे मला कळतं. खूप आधीपासून कळतं. पण आज मी तुमची बाजू मांडणार नाही.