कणभर घट्ट गाठ

३ जानेवारी
नवी नोकरी, नवी खोली, खिडकीत भरपूर ऊन. आजच हॉस्पिटलच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात ज्युनियर सर्जन म्हणून रुजू झाले. खोली घरमालकांच्या वरच्या मजल्यावर आहे. काकूंनी उशी दोनदा बदलून दिली. काका निवृत्त शिंपी. त्यांची अट एकच, त्यांच्या विनोदांना हसायचं. चहा पिताना त्यांना ठसका लागला, नंतर उचकी काही थांबेना.

११ जानेवारी
काकांचा आवाज बसलाय, चालताना तोल जातो. मीच मागे लागून स्कॅन करून घेतला. मानेतून वर जाणारी धमनी फुगून मेंदूच्या देठावर दाबतेय. श्वास, गिळणं, सगळं तिथूनच चालतं. काकू ऑपरेशनला घाबरत होत्या. मी असेन ना तिथे, म्हटल्यावर लगेच तयार झाल्या.

२० जानेवारी
ऑपरेशन झालं. आमच्या विभागाच्या सरांनी धमनी अलगद बाजूला घेतली, पट्टीच्या झोळीत धरली आणि झोळीची शेवटची गाठ मला मारायला दिली. एवढं पुरे, म्हणाले आणि वळले. मला वाटलं, धमनीचा ठोका अजून देठाला लागतोय. गाठ कणभर आणखी ओढली.
संध्याकाळी काका घोटभर पाणी ठसक्याविना प्यायले. काकूंनी माझे हात डोळ्यांना लावले.

३० जानेवारी
काका घरी आले. दुपारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. घोरणंसुद्धा गेलं बघ, काकू हसून म्हणाल्या. मी पाहिलं. छाती हलत नव्हती. ओठ निळसर. गदागदा हलवलं तेव्हा श्वास आला.
जागेपणी सगळं ठीक. झोपेत श्वास थांबतो. देठाला रक्त पुरवणारी धमनीची एखादी बारीक फांदी हळूहळू ताणली जाऊन बंद पडली असणार. माझ्या त्या कणभराने. सरांना उद्या सांगेन.

३१ जानेवारी
सांगितलं नाही. देखरेखीच्या नावाखाली रात्रभर काकांच्या उशाशी बसते, श्वास अडला की हलवते. काका म्हणाले, झोप लागली की आतून कुणीतरी कडी लावून घेतं. काकू हसल्या. मीही हसले.

१ फेब्रुवारी
काकू शेजारणीला सांगत होत्या, पोरगी देवासारखी भेटली. मी जिन्यातूनच परत फिरले. माझा डोळा लागला की माझाच श्वास अडतो—

२ फेब्रुवारी, दुपार
सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, गाडी पाठवतो, गाठ सोडवावी लागेल, तोवर त्यांना झोपू देऊ नकोस.
काकू फाटकाशी गाडीची वाट बघताहेत. त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही—
काका पलंगावर. मी समोर. माझे डोळे मिटू नयेत म्हणून लिहितेय. त्यांना बोलतं ठेवलंय. पहिल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगताहेत. बाही उलटी लागली होती म्हणे, आणि—
सांगत होते.
खोलीत आता फक्त पेनचा आवाज. मान वर करायला हवी. एवढी ओळ झाली की लगेच—